बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवस: नवजात बाळाची गृहभेट नीट कशी करायची

महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ११ बाळं पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी दगावणारी १८. आकडे २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीतले आहेत. बालमृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यातले, आणि त्या महिन्यातलेही बहुतेक पहिल्या आठवड्यातले. अंगणवाडीत नाव लागेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो.

घरी जाऊन हे मृत्यू टाळता येतात हे गडचिरोलीने सिद्ध केलं. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांची पाहणी केली आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तुलनेसाठी ४७ गावं होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून हीच पद्धत आशांमार्फत (गावातल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका) देशभर सुरू झाली. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. गडचिरोलीची आरोग्यदूत जंतुदोष ओळखून स्वतः जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची; सरकारी कार्यक्रमात आशाच्या हाती ते नाही. म्हणून आशाचं खरं काम वेळेत ओळखणं आणि वेळेत हलवणं हे आहे. पुढची माहिती नव्या आशांसाठी आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांसाठी आहे, पण बाळंतिणीच्या आईने किंवा सासूने वाचली तरी तितकीच कामाची.

आठव्या महिन्यातच करायची कामं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे सासरच्या आशाच्या यादीत बाई असते आणि बाळ दुसऱ्याच गावात जन्मतं. माहेरच्या आशाला पत्ता नसतो, सासरची म्हणते ती गावात नाही. कोणाच्याच भेटी होत नाहीत. आठव्या महिन्यात बाईला एवढंच विचारा: कुठे जाणार, कधी जाणार, आणि तिथल्या आशाचा फोन नंबर काय. आपणच फोन करून नाव, अपेक्षित तारीख आणि आधीच्या बाळंतपणाचा त्रास कळवा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं असंच होतं. मुकादमाचा नंबर लिहून ठेवा.

मेळघाट, भामरागड, धडगाव अशा भागांत पावसाळ्यात रस्ता तुटतो. अशा गावातल्या बाईची तारीख जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर तिला आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायची तिथली सोय) नेऊन ठेवायचं. अडचण येते ती मोठ्या मुलांची आणि बुडणाऱ्या मजुरीची. नुसतं "या" म्हणून बाई येत नाही. लहान मूल सोबत आणता येतं, जेवण मिळतं, सोबत एक नातेवाईक राहू शकते, हे नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावं लागतं.

घरात काय लागेल ते आत्ताच दाखवून घ्या: जुनी मऊ सुती कापडं पाच-सहा, धुऊन कडक उन्हात वाळवलेली; टोपी, मोजे; आईला बाळ छातीशी बांधायला एक लांब ओढणी किंवा लुगड्याचा तुकडा. १०२ आणि १०८ हे नंबर भिंतीवर कोळशाने लिहिले तरी चालेल. फोनमध्ये साठवून फोन नवऱ्याबरोबर शेतात गेला तर उपयोग नाही.

तारखा

दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर सात; पहिल्या २४ तासांतली एक जास्तीची. सिझेरियन झालेली बाई किंवा नवजात अतिदक्षता कक्षातून सुटलेलं बाळ घरी आलं की त्याच दिवशी जा. तक्त्यातल्या तारखेची वाट पाहू नका.

तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट कधीही चुकवू नका. बाकीच्या एखाद्या दिवसाने मागेपुढे झाल्या तर फारसं बिघडत नाही. भेटींचे २५० रुपये ४२ दिवसांनंतर एकदम मिळतात, त्यामुळे सगळे फॉर्म शेवटी एका बैठकीत भरायचा मोह होतो. तसे फॉर्म ओळखायला सोपे असतात: प्रत्येक भेटीत श्वास ४८, ताप ३६.८, वजन बरोबर २०० ग्रॅमने वाढलेलं. गटप्रवर्तकांनी असे आकडे दिसले की रागवण्याआधी स्वतः त्या घरी जाऊन यावं.

जन्मावेळी वजन दोन किलोपेक्षा कमी, किंवा आठ महिने चौदा दिवस पूर्ण होण्याआधी जन्म, किंवा पहिल्या दिवशी दूध न ओढणं: तीनपैकी एक जरी असेल तरी बाळ जोखमीचं. त्याच्याकडे पहिल्या आठवड्यात जमेल तर रोज जा.

घरात शिरल्यावर कामाचा क्रम

आधी हात. बांगड्या वर सरकवून साबणाने कोपरापर्यंत, नखांच्या फटींसकट धुवा आणि हवेत वाळू द्या. पदराला पुसले तर धुतल्याचा उपयोग संपला. मोठ्या माणसाच्या हातावरचे जंतू नवजात बाळाला आजारी पाडायला पुरेसे असतात. शिवाय तुम्ही धुताना आजी बघते, आणि पुढच्या वेळी तीही धुते.

बाळ झोपलेलं असेल तर उठवू नका, कारण सगळ्यात आधी श्वास मोजायचा आहे. रडून झालेल्या किंवा नुकतंच दूध प्यालेल्या बाळाचा श्वास वाढलेलाच असतो. पोटावरचं कापड थोडं बाजूला करून पोटाची हालचाल बघत पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही. नवजात बाळ मध्येच भराभर श्वास घेतं, मध्येच काही सेकंद थांबतं. ६० किंवा जास्त आले तर लगेच दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही वेळा ६० किंवा जास्त आले तरच श्वास जलद. (दोन महिन्यांनंतर ही मर्यादा ५०, आणि एक ते पाच वर्षांत ४०.) गडचिरोलीत मोजणी न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचं आणि एक मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचं श्वासमापक केलं होतं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मोजताना आकडा चुकत असेल तर आजही दहा खडे हाताशी ठेवून तसंच करता येतं. मोजता मोजता छातीकडेही बघा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जातो का, कण्हल्यासारखा आवाज येतो का? घरचे याला "पोट उडतंय" म्हणतात. हे शब्द कानावर पडले की हातातलं काम सोडून बाळ बघायचं.

बाळ अजून झोपलेलंच असेल तर आईशी बोला. "बाळ कसं आहे?" या प्रश्नाला "बरं आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: कालपासून आत्तापर्यंत किती वेळा पाजलं? काल जेवढ्या जोराने ओढत होतं तेवढंच आज ओढतंय का? रडणं कालच्यासारखंच आहे का? शू किती वेळा केली? गडचिरोलीच्या लक्षणांच्या यादीतही भर याच बदलावर होता: आधी नीट ओढत होतं, आता ओढत नाही, आधी खणखणीत रडत होतं, आता आवाज बारीक झाला. बाळाची तुलना शेजारच्या बाळाशी नको, त्याच्याच कालच्या अवस्थेशी करायची. आणि कालचं बाळ तुम्ही पाहिलेलं नसतं, आईने पाहिलेलं असतं.

मग तापमान. डिजिटल थर्मामीटरचं टोक काखेच्या खोबणीत, बाळाचा हात छातीशी दाबून, आवाज होईपर्यंत. टोक बाहेर डोकावलं किंवा मध्ये झबलं आलं की आकडा कमी येतो. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. ३६.५ च्या खाली गेलं की ऊब द्यायला लगेच सुरुवात. ३५.५ च्या खाली असेल तर बाळ आईच्या छातीशी घेऊन दवाखान्याकडे निघायचं. ३७.५ च्या वर गेलं तर आधी बघा: मे महिन्यात तीन दुपट्यांत गुंडाळलंय का? एक-दोन थर काढा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही जास्तच असेल तर ताप समजून पाठवा. थर्मामीटर बंद पडलं तर हाताची पाठ लावा: पोट कोमट आणि तळपाय गार म्हणजे बाळाची ऊब कमी पडतेय; दोन्ही गार म्हणजे धोका.

वजन शेवटी, कारण त्यासाठी कपडे काढावे लागतात. दार लावा, पंखा बंद करा. रिकामी झोळी काट्याला अडकवून काटा शून्यावर आणा. झोळीसकट शून्य न करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मग बाळ ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत धरा आणि झोका थांबल्यावर वाचा. खालून वाचलं तर वेगळा आकडा दिसतो. आला तोच आकडा लिहा. नोंदवह्यांमध्ये २५०० ग्रॅमची बाळं जितकी दिसतात तितकी प्रत्यक्षात जन्मत नाहीत. २४२० चं २५०० केलं की कमी वजनाचं बाळ यादीतून गायब. महिन्यातून एकदा किलोचं माप किंवा साखरेचं बंद पाकीट टांगून काटा तपासून घ्या.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरणं स्वाभाविक आहे. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन परत आलं नाही, तर पाजण्यात काहीतरी चुकतंय. २८ व्या दिवशी वजन जन्मापेक्षा निदान ३०० ग्रॅमने वाढलेलं हवं.

कपडे घालायच्या आधी नाळ, डोळे, काखा, जांघा बघून घ्या: पू, लाली, पुटकुळ्या. कावीळ बल्बच्या उजेडात कळत नाही. दाराशी उजेडात नाकावर, छातीवर, तळपायावर बोट दाबून सोडा आणि पिवळेपणा बघा. पहिल्या २४ तासांत दिसलेली, तळहात-तळपायापर्यंत उतरलेली, किंवा चौदा दिवसांनंतरही राहिलेली कावीळ घरी ठेवायची नाही. कोवळं ऊन दाखवत बसण्यात त्या बाळाचे मोलाचे तास जातात.

पाजणं समोर बसून बघा

"पाजते ना" यावर विसंबू नका. पाच मिनिटं बसा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा. नुसती बोंडशी तोंडात असेल तर बाळाला दूध मिळत नाही, आईला चिरा पडतात आणि दोन दिवसांत "दूधच नाही" म्हणून वरचं सुरू होतं. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं हवं, त्यात रात्रीचंही आलं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसातून सहा वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अनेक घरांत आहे. तहान लागेल तेवढं पाणी तिला मिळायलाच हवं.

ओढायची ताकद नसलेल्या लहान बाळाला आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. बाटली नको. हिशोब साधारण असा: पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला ६० मिली, मग रोज १५ ते २० मिलीने वाढवत आठवड्याभरात १५० पर्यंत. १८०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी १०८ मिली. दर दोन तासांनी दिलं तर एका वेळी ९ मिली, म्हणजे दोन लहान चमचे भरायला जरा कमी. पुढे दिवसाला २७० मिली झाले की एका वेळी साधारण २२ मिली. बाळ थोडं उभं धरायचं, चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि त्याला स्वतः चाटू द्यायचं. घशात ओतलं तर दूध श्वासनलिकेत जातं. अठराशेच्या खालचं बाळ आधी डॉक्टरांनी बघायलाच हवं. हा हिशोब तिथून घरी आल्यानंतरचा.

ऊब: शेगडी नको, छाती हवी

कमी वजनाच्या बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी ठेवणं हा औषधाच्या तोडीचा उपाय आहे. बोगोटा शहरात १९७८ मध्ये बाळांना ऊब देणारी पेटी-यंत्रं अपुरी पडली म्हणून तो सुरू झाला. आता भरपूर यंत्रं असलेल्या रुग्णालयांतही तोच वापरतात. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये, उभं. पाय बेडकासारखे फाकलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, नाक मोकळं. बाळाच्या कानाच्या खालपर्यंत ओढणी घट्ट बांधायची, वरून आईचा पोलका किंवा शाल. मान छातीकडे वाकली तर श्वास अडतो, म्हणून आईला हे पुन्हा पुन्हा बघायला शिकवा. एका बैठकीत तासाच्या आत उतरवू नका. दिवसात एकूण आठ तासांहून जास्त, जमेल तितकं. आई दमली की बाप, आजी, मावशी कोणीही. अडीच किलोच्या आसपास बाळ स्वतःच वळवळून बाहेर यायला बघतं, तेव्हा सोडायचं.

खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी यांनी खोली गरम होते हे खरं, पण बंद खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. ज्या आजीने चार लेकरं अशीच वाढवली तिच्याशी वाद घालून काही मिळत नाही. शेक आईला, बाळ खोलीबाहेर असताना, इतपत तडजोड बहुतेक घरांत होते. पहिली आंघोळ २४ तासांच्या आत नको. लहान बाळाला नाळ पडेपर्यंत आणि वजन दोन किलोच्या पुढे जाईपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसणं पुरे.

सगळ्याच चालीरीतींवर एकसारखं तुटून पडू नका; आजी ऐकेनाशी होते. टाळूला तेल, पाचवीची पूजा, काळा दोरा यांनी बाळ मरत नाही. गुटी, मध, साखरपाणी, नाका-कानात तेल, नाळेवर राख किंवा हळद, बाळाची छाती पिळणं, चीक काढून फेकणं: यांनी मरू शकतं. मेळघाटात पोटफुगीवर विळा तापवून पोटावर चटके देतात. पोट फुगणं हेच मुळात जंतुदोषाचं लक्षण, त्यात वरून जखम. तिथे भूमकाशी, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूशी, आधीच ओळख ठेवावी. पोट फुगलेलं बाळ आणलं तर त्याने आपला विधी करावा आणि त्याच तासाला आशाकडे पाठवावं, एवढं कबूल करून घेतलं तरी पुष्कळ.

पाठवायचं केव्हा आणि कसं

हातपाय लुळे पडणं किंवा बाळ मलूल होणं, दूध ओढणं कमी किंवा बंद, रडणं बारीक किंवा बंद, पोट फुगणं किंवा सारख्या उलट्या, अंग गार पडणं किंवा ताप, छाती आत ओढली जाणं किंवा जलद श्वास, नाळेतून किंवा कातडीवर पू, झटके. यातलं एक दिसलं तरी निघायचं. "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही. नवजात बाळाचा जंतुदोष काही तासांत हाताबाहेर जातो.

१०२ किंवा १०८ ला फोन लावा आणि दवाखान्यालाही आधी कळवा. वजन, वय, लक्षण, किती वाजता निघालो, एवढं सांगा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचा उपचार, औषध, नेणं-आणणं मोफत आहे. पैशांची भीती हे न निघण्याचं मोठं कारण असतं, म्हणून हे वाक्य आधी बोला. बाळ कांगारू पद्धतीने आईच्या छातीशी, माता-बाल संरक्षण कार्ड हातात. ओढत असेल तर वाटेत पाजायचं. बेशुद्ध किंवा झटके येत असतील तर तोंडात काही घालायचं नाही. निघण्याआधी उपकेंद्रात एएनएम (आरोग्यसेविका) असतील तर त्या जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊ शकतात. रस्ता बंद असेल किंवा घरचे काही केल्या तयार नसतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने सात दिवसांचा उपचारही तिथे होतो. प्राथमिक केंद्रात बालरोगतज्ज्ञ नसतील तर थेट नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात न्या. तीन ठिकाणी थांबत गेलेल्या बाळाचा वेळ रस्त्यातच संपतो.

याच भेटीत आईकडेही बघा: दिवसात पाचाहून जास्त कापडं भिजणं, ताप, घाण वासाचा स्राव, झटके, गाठी आलेले लाल स्तन.

नोंद

बाळ जन्मल्यावर एकदा जरी रडलं, श्वास घेतला किंवा हातपाय हलवले तर तो जिवंत जन्म. नंतर ते गेलं तर तो नवजात मृत्यू. 'मृत जन्म' लिहायचं नाही. चौकशी टळते म्हणून अनेकदा तसं लिहिलं जातं, आणि मग त्या गावात श्वास गुदमरून बाळं जातात हे कोणाला कळतच नाही, प्रसूतिगृहातली बाळाला श्वास देणाऱ्या फुगा-मास्कची सोय तपासलीच जात नाही. जन्म असो वा मृत्यू, नोंदणी २१ दिवसांत.

बेचाळिसाव्या दिवशी वजन, बीसीजीची खूण, जन्म दाखला आणि दीड महिन्याच्या लसीची तारीख बघून घ्या. पुढच्या घरभेटी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात असतात. मधल्या काळात जोखमीचं बाळ दिसेनासं होऊ नये म्हणून त्याचं नाव अंगणवाडी ताईंच्या वजनाच्या यादीत त्याच दिवशी चढवून या.